मोटर वाडीतली आणि मोटर गाडीतली

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांची इच्छा होती की मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलावं. त्यावर बोलणारे हल्ली पुष्कळ आहेत. मी त्यांना म्हटलं, आपल्या बॅचच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांनंतर सगळ्यात जास्त काय विचारलं जातं ते पाहा. "इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?" हा दोन वर्षांपूर्वीचा प्रश्न. आता तो बदललाय. "चार-पाच वर्षं जुनी इलेक्ट्रिक गाडी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" आणि ज्यांनी सुरुवातीलाच घेतली ते विचारतात, "वॉरंटी संपल्यावर काय?" म्हणून आज मी म्हाताऱ्या होत चाललेल्या इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल बोलणार आहे. बॅटरीबद्दल सगळेच बोलतात. मी मुख्यतः मोटर आणि तिला थंड ठेवणारी यंत्रणा याबद्दल बोलेन.

मी गॅरेजवाली नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. पण आजची गाडी अर्धी सॉफ्टवेअरवरच चालते, तेव्हा थोडा हक्क मलाही आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, इलेक्ट्रिक मोटर आपल्या गावाला नवी नाही. वटारमध्ये, आणि इकडे निर्मळ, गास, वाघोलीपर्यंत, रहाट गेले आणि पंप आले तेव्हापासून मोटर आपल्या घरातलीच. विहिरीवर किंवा बावखलावर पंप, त्यावर केळी, भाजी, फुलझाडं. उन्हाळ्यात मोटर जळाली की घरात सुतक असल्यासारखी शांतता. मग ती खोलायची, सायकलच्या कॅरिअरला बांधायची आणि रिवाइंडिंगवाल्याकडे न्यायची. तो नुसता वास घेऊन सांगायचा, "वाइंडिंग जळालंय." हाताने शाफ्ट हलवून सांगायचा, "बेअरिंग गेलंय." आणि तिसरं निदान ठरलेलं असायचं, "सील गेलं, पाणी आत शिरलं."

जुन्या इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरीचे आजार हेच तीन आहेत. मोटर मोठी झाली, वेग वाढला, किंमत लाखात गेली, पण दुखणी तीच. म्हणून मी आज तेच तीन आजार घेऊन बोलणार आहे. कुठे फरक पडलाय तेही सांगेन, कारण खरा प्रश्न त्या फरकात आहे.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. वाडीतली मोटर पाच हॉर्सपॉवरची, म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट. जानेवारी २०२० मध्ये आलेली पहिली टाटा नेक्सॉन ईव्ही घ्या. तिची मोटर ९५ किलोवॉटची. म्हणजे वाडीतल्या पंचवीस मोटरींची ताकद एका बॉनेटखाली. अशी मोटर आणि तिचा इन्व्हर्टर मिळून आलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज चाकापर्यंत पोचवतात. पेट्रोलचं इंजिन दोन तृतीयांश ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देतं, त्यापुढे हे कौतुकास्पदच. पण उरलेले आठ टक्के म्हणजे किती? पूर्ण जोर लावला असताना सुमारे आठ किलोवॉट, म्हणजे घरातले दोन-दोन किलोवॉटचे चार गीझर एकदम चालू केल्याइतकी उष्णता. सपाट रस्त्यावर एवढी नसते. कसारा घाट चढताना, चार माणसं आणि सामान भरून, एसी लावून चाललात, तर ती बरीच वाढते.

पेट्रोलच्या इंजिनाला शंभर अंशाच्या आसपासचं पाणी चालतं. इलेक्ट्रिक गाडीचे भाग जास्त नाजूक. इन्व्हर्टरमधली इलेक्ट्रॉनिक्स साधारण साठ-सत्तर अंशांच्या आतलं कूलंट मागते. बॅटरीला तर माणसाला आवडतं तेच हवामान आवडतं, पंधरा ते पस्तीस अंश. म्हणून बहुतेक नव्या गाड्यांत कूलंटची दोन वेगळी चक्रं असतात. एक मोटर, इन्व्हर्टर आणि चार्जरमधून फिरून पुढच्या रेडिएटरमध्ये येतं. दुसरं बॅटरीच्या खालून फिरतं, आणि ते थंड करायला गाडीचा एसीच मदतीला येतो. तेव्हा इलेक्ट्रिक गाडीच्या एसीचा गॅस गळतोय म्हणजे फक्त घाम येणार असं समजू नका. बॅटरी तापेल, फास्ट चार्जिंग मंदावेल, आणि कारण कुठेतरी वेगळंच शोधलं जाईल.

आता पहिला आजार, सीलचा.

याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. टेस्लाची मॉडेल एस २०१२ पासून रस्त्यावर आहे. तिच्या सुरुवातीच्या मोठ्या मोटरीत फिरणारा शाफ्ट आतून पोकळ ठेवला आणि त्यातून कूलंट खेळवलं. रोटर आतून थंड करायची कल्पना उत्तम. पण फिरणारा शाफ्ट आणि स्थिर नळी यांच्यामध्ये एक सील लागतं. ते मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगात घासत राहतं, आणि काही वर्षांनी झिजतं. मग कूलंट थेंबाथेंबाने मोटरीच्या पोटात जातं. बाहेर जमिनीवर एक थेंब दिसत नाही. आत मात्र आधी वेग मोजणारा सेन्सर, मग वाइंडिंग, मग इन्व्हर्टर अशी ओल पसरते. वाडीतला सबमर्सिबल पंप जसा सील जाऊन मरतो, तसंच हे. फरक इतकाच की पंप पाण्यातच असतो आणि इथे आपणच पाणी आत नेलंय.

कंपनीने २०१४ मध्ये या गाड्यांच्या मोटरीला आठ वर्षांची, मैलांची मर्यादा नसलेली वॉरंटी दिली होती. पहिल्या गाड्यांची ती मुदत २०२० मध्ये संपू लागली आणि मोटर बदलण्याचा खर्च मालकांच्या खिशावर आला. तेव्हा तिथल्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांनी मोटर खोलून पाहिली. कुणी सुधारित सील बसवलं, कुणी शाफ्टमध्ये जाणारा कूलंटचा रस्ताच बंद केला. पूर्ण मोटर बदलण्याऐवजी एक भाग दुरुस्त करता येतो हे त्यांनी दाखवलं. टेस्ला आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये मुंबईत, बीकेसीत आली, तेव्हा हा आजार आपल्या रस्त्यावर तसाच दिसेल असं नाही. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. लाखो रुपयांची मोटर मुठीत मावेल एवढ्या सीलमुळे गेली, आणि ते सील बदलणारा माणूस कंपनीच्या बाहेर सापडला.

दुसरा आजार बेअरिंगचा.

वाडीतल्या मोटरीचं बेअरिंग ग्रीस सुकून किंवा पाणी लागून जातं. गाडीतल्या मोटरीत एक नवं कारण आलंय. इन्व्हर्टर बॅटरीची डीसी वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरीला लागणारी एसी बनवतो. त्या उघडझापीमुळे शाफ्टवर थोडा व्होल्टेज तयार होतो. तो जमिनीकडे जायला वाट शोधतो आणि ती वाट बेअरिंगच्या गोळ्यांमधून जाते. प्रत्येक वेळी ग्रीसच्या पातळ थरातून एक सूक्ष्म ठिणगी पडते आणि पोलादावर डोळ्यांना न दिसणारा खड्डा पडतो. लाखो ठिणग्यांनंतर बेअरिंगवर पट्टे उमटतात आणि गाडी गुरगुरायला लागते. कंपन्या यावर सिरॅमिकच्या गोळ्या वापरतात किंवा शाफ्टला अर्थिंगचा ब्रश लावतात. तोही झिजतोच.

इथे तुमचे कान कामाला येतील. इलेक्ट्रिक गाडीची बारीक शीळ ही नेहमीची. पण वेगाबरोबर वाढणारी, ॲक्सिलेटर सोडला तरी न थांबणारी खरखर आली, तर ती बेअरिंगची किंवा गिअरची. गाडी शांत असते म्हणून ही खरखर लवकर ऐकू येते. फक्त गाणी बंद ठेवून एकदा चालवायला हवी.

तिसरा आजार वाइंडिंगचा, म्हणजे उष्णतेचा.

तांब्याच्या तारेवरच्या इन्सुलेशनला एक तापमानाची मर्यादा असते. इलेक्ट्रिकल मशिन्स शिकलेल्या कुणालाही एक ठोकताळा पाठ असतो. त्या मर्यादेवर दर दहा अंश वाढले की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तेव्हा मोटर एका दिवसात जळत नाही. कूलंट कमी, पंप मंद, रेडिएटरवर मातीचा थर, अशी दोन-तीन वर्षं गेली की मग एखाद्या मे महिन्यात ती "अचानक" जळते. बहुतेक गाड्यांच्या मोटरीत कायमचे चुंबक असतात आणि तेही फार तापले तर आपली ताकद गमावतात. तार पुन्हा गुंडाळता येते. गेलेलं चुंबकत्व रिवाइंडिंगने परत येत नाही.

उष्णतेकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, हे बॅटरीच्या बाबतीत जगाने पाहिलंय. निसान लीफ ही गाडी डिसेंबर २०१० मध्ये आली. तिच्या बॅटरीला कूलंटचं चक्र नव्हतं, हवेवर भागवलं होतं. अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या उन्हात २०१२ मध्येच मालकांच्या लक्षात आलं की बॅटरीची क्षमता भराभर घटतेय. कंपनीला नंतर क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली. कूलंटचं चक्र म्हणजे चैन नव्हे, हे त्यातून सगळ्यांनी मान्य केलं. पण चक्र आलं की पंप, नळ्या, क्लिपा, झडपा आल्या, आणि त्याही म्हाताऱ्या होतात. आणखी एक लक्षात घ्या. हा कूलंटचा पंप गाडी चार्जिंगला उभी असतानाही चालू शकतो. मीटरवर तीस हजार किलोमीटर दिसले तरी पंपाचे तास त्याहून कितीतरी जास्त झालेले असतात. वापरलेली गाडी घेताना नुसते किलोमीटर पाहून चालत नाही ते यासाठी.

आता आपल्या गावाकडे येते. वरचे तीनही आजार जगभरचे. आपल्याकडे त्यात खारा वारा आणि पावसाचं पाणी मिसळतं.

राजोडी, कळंबचा किनारा आपल्यापासून किती अंतरावर आहे ते मी सांगायला नको. खिडकीचे गज किती वर्षांत सडतात तेही तुम्हाला ठाऊक आहे. तोच वारा गाडीखालच्या कनेक्टरना, अर्थिंगच्या पट्ट्यांना, रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांना लागतो. महिन्यातून एकदा गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने, हलक्या धारेने धुवा. प्रेशरची धार कनेक्टरवर मारू नका.

पाण्याचं म्हणाल तर, जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये काय झालं ते आठवा. दिवसचे दिवस पाणी उतरलं नव्हतं आणि वीजही नव्हती. कंपन्या जाहिरातीत आयपी-६७ सांगतात. त्याचा अर्थ, एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी आत पाणी शिरत नाही. ही परीक्षा नव्या भागाची असते. सहा वर्षं ऊन, खार आणि खड्डे खाल्लेल्या सीलची ती परीक्षा नव्हे, आणि दोन दिवस साचलेल्या गटाराच्या पाण्याची तर नव्हेच. गाडी बुडाली असेल तर ती चालू करून बघू नका, चार्जिंगला लावू नका, घराच्या भिंतीपासून दूर उभी करा. आणि ओढून नेताना चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. कायमच्या चुंबकाची मोटर फिरली की ती जनरेटर बनते, गाडी बंद असली तरी. सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची.

कूलंटबद्दल आणखी एक कळकळीची विनंती. टाकीत कमी दिसलं म्हणून विहिरीचं पाणी ओतू नका. आपल्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ झालंय, हे आपल्या केळींनी आपल्याला कधीच सांगितलंय. मीठ असलेलं पाणी वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं. काही कंपन्या तर बॅटरीसाठी मुद्दाम कमी वीजवाहक असं खास कूलंट वापरतात. कंपनीने सांगितलेलंच, त्याच प्रकारचं कूलंट घाला. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. आणि ते पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर भरत बसू नका, ते कुठे जातंय ते शोधा.

इथे सॉफ्टवेअरचा भाग येतो. आपला वायरमन मेगर लावून वाइंडिंगची वीज बॉडीला लागतेय का ते बघायचा. इलेक्ट्रिक गाडी हीच परीक्षा स्वतःची स्वतः सतत करत असते. नियम असा की डीसी बाजूला दर व्होल्टमागे किमान १०० ओहम इन्सुलेशन हवं. म्हणजे ३२० व्होल्टच्या बॅटरीला किमान ३२,००० ओहम. कूलंट आत झिरपलं की हा आकडा घसरायला लागतो आणि एक दिवस गाडी सुरू व्हायला नकार देते. लोक म्हणतात, "सॉफ्टवेअर बिघडलं." बऱ्याचदा सॉफ्टवेअर नीट काम करत असतं, म्हणूनच ते नकार देतं. तापमान वाढलं की गाडी आपोआप जोर कमी करते, तेही तसंच. घाटात गाडी मंदावली तर तिला शिव्या देऊ नका, बाजूला घ्या.

वसईकरांनी हे जवळून पाहिलंय. २२ जून २०२२ ला वसई पश्चिमेला एका नेक्सॉन ईव्हीला आग लागली आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. कंपनीने तेव्हा सांगितलं की चार वर्षांत ३० हजारांहून जास्त गाड्या मिळून दहा कोटी किलोमीटर चालल्यानंतरची ही पहिली घटना. सरकारने स्वतंत्र चौकशी लावली. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वेळच्या बातम्यांनुसार गाडी चालवणाऱ्याला विचित्र आवाज आला, डॅशबोर्डवर सूचना दिसल्या, तो थांबला आणि उतरला. कुणालाही इजा झाली नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा म्हणजे "घरी पोचू, मग बघू" नव्हे. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. वापरलेली गाडी घेताना ती कोणत्या महिन्यात बनली ते बघा, असं मी म्हणते ते यामुळे.

आता मुख्य प्रश्न. या गाड्या दुरुस्त कोण करणार?

पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला आणि मोटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी वॉरंटी होती. हिशेब सोपा आहे. जानेवारी २०२८ पासून त्या गाड्या महिन्यामागून महिना वॉरंटीबाहेर पडतील. रजिस्ट्रेशन मात्र पंधरा वर्षांचं. मधली सात वर्षं त्या गाडीचं काय, हा प्रश्न आज आपल्यापैकी काहींच्या अंगणात उभा आहे. महिंद्राची ई-टू-ओ २०१३ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्यासमोर तर हा प्रश्न आधीच आलाय.

वाडीतली मोटर आणि गाडीतली मोटर यांतला खरा फरक इथे आहे. रिवाइंडिंगवाल्यासमोर मोटर उघडी होती. चार बोल्ट काढले की सगळं दिसायचं. गाडीतली मोटर, इन्व्हर्टर आणि गिअर एकाच डब्यात बंद. अनेक नव्या मोटरींत गोल तारेऐवजी तांब्याच्या चपट्या पट्ट्या वाकवून टोकाला जोडलेल्या असतात, त्या हाताने गुंडाळता येत नाहीत. रोटरचे चुंबक इतके जोरदार की योग्य साधन नसेल तर बोटं चेमटतील. आणि भाग बदलला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने तो ओळखला पाहिजे. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये सोपं उत्तर मिळतं, "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." कधी ते खरंच असतं. कधी दोष पंपात, सेन्सरमध्ये किंवा बेअरिंगमध्ये असतो.

कधी तर दोष त्याहून छोटा असतो. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत मोठ्या बॅटरीखेरीज साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते, कॉम्प्युटर आणि कुलपं चालवायला. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ठप्प. जून २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतातल्या १,७४४ आयोनिक-५ गाड्या परत बोलावल्या, त्या याच छोट्या बॅटरीला चार्ज करणाऱ्या युनिटमधल्या दोषामुळे. मोटर गेली असं म्हणण्याआधी ही छोटी बॅटरी तपासायला हवी.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केलं. त्यातल्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत. तो कायदा नाही. पण कंपनीने दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि बाहेरचा मेकॅनिक यांबद्दल उघडपणे सांगावं, ही अपेक्षा सरकारी कागदावर आली, हेही कमी नाही. ग्राहक म्हणून आपण ती मागितली पाहिजे. सर्व्हिस सेंटरला एकच वाक्य विचारा: "फॉल्ट कोड कोणता आला तो मला लेखी द्या." मी सॉफ्टवेअरवाली म्हणून सांगते, कोड हातात असला की दुसऱ्याचं मत घेता येतं. नसला तर आपण फक्त बिल घेतो.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांसाठी आता थोडक्यात सांगते. लिहून घेतलंत तरी चालेल.

एक, गाडी बनल्याचा महिना आणि वॉरंटी तुमच्या नावावर येते का, हे लेखी घ्या.

दोन, बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल आणि जुने फॉल्ट कोड मागा.

तीन, गाडी थंड असताना कूलंटच्या टाक्या बघा. पातळी, रंग, तेलकट साय, गंज.

चार, एसी आणि गाणी बंद करून निदान वीस किलोमीटर चालवा आणि ऐका.

पाच, एकदा फास्ट चार्जिंगला लावून वीस मिनिटं थांबा. वेग फार लवकर पडला तर कूलिंग तपासा.

सहा, गाडी उचलून खालून बघा. कनेक्टरवर हिरवट-पांढरा थर म्हणजे खार शिरलाय.

सात, विम्यात पाण्याने होणाऱ्या नुकसानीचं कलम स्वतः वाचा.

आणि एक इशारा. या गाड्यांतली नारिंगी वायर म्हणजे तीनशे-चारशे व्होल्टची डीसी. तिला हात लावायचा तर प्रशिक्षण हवं, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे हवेत, बॅटरीचा संपर्क तोडल्यावर इन्व्हर्टरमधला साठा उतरेपर्यंत थांबण्याचा धीर हवा. वाडीत आपण ओल्या हाताने स्टार्टर दाबायचो. इथे ते चालणार नाही.

मित्रमैत्रिणींनो, मी निराश करायला आले नाही. नीट ठेवलेली इलेक्ट्रिक मोटर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा जास्त टिकावी अशीच तिची रचना आहे. हलणारे भाग मोजके आहेत. तिला मारतात ते सील, बेअरिंग, पंप, घाणेरडं कूलंट आणि वेळेवर न दिलेलं लक्ष. यातलं एकही आपल्या भागातल्या हुशार मेकॅनिकच्या आवाक्याबाहेरचं नाही. पण त्याला ते शिकायला मिळालं पाहिजे. आपले रिवाइंडिंगवाले आता वयस्कर झालेत. त्यांच्या मुलांनी तो धंदा सोडला. मोटर कानाने आणि नाकाने ओळखणारी ती माणसं गेली, आणि इलेक्ट्रिक गाड्या वॉरंटीबाहेर येऊ लागल्या, असं एकाच वेळी घडू नये एवढंच मला वाटतं.

म्हणून एक प्रस्ताव ठेवते. दर मेळाव्याला आपण शाळेला काहीतरी भेट देतो. या वेळी भंगारातली एक इलेक्ट्रिक गाडीची मोटर, तिचा पंप आणि इन्व्हर्टर आणू. बॅटरी नको. इन्व्हर्टर जाणकाराकडून पूर्ण डिस्चार्ज करून घेऊ, मोटर उभी कापून आतलं सगळं दिसेल अशी प्रयोगशाळेत मांडू. शेजारी वाडीतली एक जुनी पाच हॉर्सपॉवरची मोटर ठेवू. ती माझ्या घरच्या पडवीत पडून आहे, ती मी देते. आणि गावातल्या रिवाइंडिंगवाल्या काकांना एक दिवस सन्मानाने बोलावून मुलांशी बोलायला सांगू. नववी-दहावीतल्या मुलामुलींपैकी दोघांना जरी वाटलं की हे आपण दुरुस्त करू शकतो, तरी २०२८ सालासाठी वटारची थोडी तयारी झाली असं मी म्हणेन.

ज्यांना या कामात हातभार लावायचाय, त्यांनी जेवणाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावं. पैशांपेक्षा मला टेम्पोवाला आणि गॅस-कटरवाला मित्र आधी हवाय.